सहाव्या क्रॉसला सोळा कडवी

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी पाण्याच्या व्हॉल्वची चावी मी नव्या अध्यक्षांच्या हाती देणार आहे. तुला सांगितल्याशिवाय ती घराबाहेर कशी जाऊ देऊ? म्हणून आज वही उघडून बसलो आहे.

तू गेलास त्याला आठ महिने झाले. त्यातले शेवटचे दोन महिने ती कमरेएवढी लोखंडी चावी आपल्या देवघराच्या कोपऱ्यात टेकून उभी आहे. वहिनी तिच्याभोवतीनं केर काढतात आणि म्हणतात, "भावोजी, हिलाही हळदकुंकू लावू का आता?" हसतात, पण तिला हात लावत नाहीत. मीही कुणाला लावू दिला नाही. का, ते सांगतो.

आठवतं ना, बंगळुरातल्या शिवाजीनगरचं भाड्याचं घर सोडून आपण जे. पी. नगरच्याही पलीकडे या लेआउटमध्ये आलो, तेव्हा इथे चहूकडे नाचणीची शेतं होती. सहा क्रॉस, म्हणजे सहा आडव्या गल्ल्या, त्यांतली अर्धी घरं बिनछपराची, आणि पाणी कुठेच नाही! तू कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेस, बोअर मारून घेतलीस, टाकी उभी केलीस. पहिल्यांदा नळ वाजला तेव्हा शेजारपाजारच्या बायका आरतीचं तबक घेऊन धावल्या होत्या. नळाला ओवाळलं रे त्यांनी! लोकांनी तुला रहिवासी संघाचा अध्यक्ष केलं, ते अकरा वर्षं. आभार मानायचे राहून गेले. घरच्या माणसाचे कोण मानतो? आज मानतो.

आणि दिवसाआडच्या त्या पहाटा! टाकी एकच, म्हणून एकेका क्रॉसचा व्हॉल्व पाळीनं उघडायचा. तू चावी फिरवायचास आणि मला म्हणायचास, "बापू, मला घड्याळबिड्याळ जमत नाही. तू कविता म्हण. कविता संपली की बंद." गुरुजींनी छडी दाखवून पाठ करून घेतलेल्या त्या कविता अशा कामाला येतील, असं कुणाला वाटलं असतं? पहिल्या क्रॉसला, म्हणजे आपल्याच गल्लीला, नदीची कविता, सोळा कडवी. दुसऱ्याला रामाच्या वनवासाची. मग आईवरची, मग शेतावरची. अंधार विरत जायचा, पायाखाली पाइपातून पाणी धावायचं, आणि मला वाटायचं की मी पुन्हा चौथीच्या वर्गात उभा आहे आणि खिडकीबाहेर चिंचेचं झाड हलतं आहे.

सहाव्या क्रॉसला पोचेपर्यंत घसा कोरडा पडायचा. तिथे पाखराची कविता. चार कडवी. शेवटचं तर आपण व्हॉल्व बंद करून घराकडे वळता वळता म्हणायचो, कारण वहिनींची कॉफी वाट बघत असायची!

तुझ्यानंतर सहा महिने मी एकट्यानं पाणी सोडलं, कविता म्हणत. मग निवडणूक झाली आणि सहाव्या क्रॉसच्या शांताक्का अध्यक्ष झाल्या. आपल्यासारख्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मराठी घरातल्या. शाळेत शिक्षिका आहेत. आवाज असा की फळ्यावरचा खडूही सरळ चालावा.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी तीन निर्णय घेतले. पंपघरात भिंतीवरचं घड्याळ लावलं : प्रत्येक क्रॉसला सारखा वेळ, एक मिनिट कमी नाही की जास्त नाही. एका पाळीला पाणी पहिल्या क्रॉसपासून सुटेल, पुढच्या पाळीला सहाव्यापासून. आणि संघाच्या खोलीतली तुझी हातांची खुर्ची त्यांनी दवाखान्यातल्या बाकाशेजारी म्हाताऱ्यांसाठी पाठवून दिली. मी विचारलं तर म्हणाल्या, "बापूकाका, खुर्चीत बसून पाणी चढतं होय?"

मला किती राग आला म्हणून सांगू! तुझं एकेक काम पुसायलाच ही बाई बसली आहे, असं वाटलं. मी चावी दिली नाही. त्यांनी दोनदा मागितली, मी दोनदा ऐकूच न आल्यासारखं केलं. तर त्या स्वतः मोठा पाना घेऊन पहाटे यायला लागल्या. मी खिडकीतून बघत राहायचो. कविता नाही, काही नाही, नुसता लोखंडाचा करकर आवाज.

आपल्या गल्लीत कुरकुर सुरू झालीच होती. वरच्या मजल्यावर पुण्याचा मंदार भाड्यानं राहतो, कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्यानं ऑफिसातून अर्ज छापून आणला. "काका, ॲक्च्युअली हे फारच अनफेअर आहे. अण्णांची सिस्टिम परफेक्ट होती. तुम्ही भाऊ, तुमची सही पहिली पाहिजे." अर्जात तुझ्या नावाआधी कैलासवासी लिहिलं होतं. ते वाचून माझे डोळे भरले, आणि त्याच भरात मी पेनही उघडलं. पण चष्मा सापडेना. म्हटलं, उद्या करतो.

दुसऱ्या दिवशी पाळी सहाव्या क्रॉसपासून होती. आपली शेवटची. मी निवांत न्हायला बसलो, डोक्याला साबण लावला, आणि नळ खुर्र करून थांबला! टाकीच संपली. बादलीत तांब्याभर पाणी. सांग, मी काय करावं? टॉवेल गुंडाळला, सदरा चढवला आणि तसाच, फेसाच्या डोक्यानं, तरातरा सहाव्या क्रॉसला गेलो भांडायला. वाटेत कुत्रीसुद्धा बाजूला झाली.

शांताक्का अंगणात होत्या. माझ्याकडे बघून हसू दाबत म्हणाल्या, "काका, स्वल्प बसा इथे दगडावर. आधी डोकं धुवा, मग भांडा."

आणि स्वतः कळशीनं पाणी ओतलं रे माझ्या डोक्यावर. वाकल्या तेव्हा त्यांचे तळवे दिसले. पान्यानं फोड आले होते, दोन फुटलेले.

मी म्हटलं, "टाकी पुरत नाही."

"सरी, बरोबर," त्या म्हणाल्या. "आमच्या गल्लीला ती अकरा वर्षं पुरली नाही."

मग त्यांनीच सांगितलं. तू दर पाळीच्या दुपारी सायकलला दोन घागरी बांधून त्यांच्या अंथरुणावरच्या सासूबाईंसाठी पाणी आणायचास. म्हातारी म्हणायची, नियमच बदला की अण्णा! तर तू म्हणायचास, "बापूला सांगू नका. त्याची बायको गेल्यापासून तो तोंडच उघडत नव्हता. या कवितांनी उघडलं. थोडे दिवस राहू द्या."

अण्णा! वाचनालयात चाललो म्हणून सांगायचास मला. खांदा भिजलेला असायचा तर म्हणायचास, घाम रे, घाम. आणि घड्याळ जमत नाही म्हणे! तुझ्या मनगटावर घड्याळ होतं की. रोज किल्ली द्यायचास त्याला. अकरा वर्षं ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही?

रागावू का तुझ्यावर? थोडा रागावतोच. माझं मन सावरावं म्हणून सहाव्या क्रॉसच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन नळाशी उभ्या राहिल्या, हे तू मला सांगायला हवं होतंस. मी काचेचा नव्हतो. निदान पहिल्या वर्षानंतर तरी नव्हतो. थोडे दिवस म्हणालास आणि अकरा वर्षं घागरी वाहिल्यास! नियम बदलला असतास तर पहिल्या क्रॉसनं आरडाओरडा केला असता, हे खरं. पण मी तुझ्या बाजूनं उभा राहिलो असतो रे.

आणि तरी बघ, रागावलो असं लिहितो आणि तेच खोडावंसं वाटतं. विमल गेली तेव्हा मला भिंतीशी बोलायचंही बळ नव्हतं. पहाटे उठवून कुणी मला पुन्हा नदीकाठी नेलं? तूच. ते देणं असं आहे की त्याला आभार हा शब्द अपुरा पडतो.

काल मंदार जिन्यात भेटला. "काका, सही राहिली."

म्हटलं, "सही नाही देत, बाळ. चावी देतोय. अण्णांची सिस्टिम परफेक्ट नव्हती. अण्णा होते."

त्यानं अर्ज घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "म्हणजे आता आपल्याला दर दुसऱ्या पाळीला कमी पाणी?"

"बादली भरून ठेव," मी म्हटलं. "आणि डोक्याला साबण लावायच्या आधी कॅलेंडर बघ."

शांताक्कांना मी एकच विचारलं होतं, पंपघरात घड्याळ असलं तरी कुणी कविता म्हटली तर चालेल का? त्या म्हणाल्या, "म्हणा की. वेळ मात्र घड्याळाचा." बरोबर आहे. गुरुजींनाही पटलं असतं.

तेव्हा अण्णा, तुला शब्द देतो. पाय चालतात तोवर दर पाळीला मी पहाटे सहाव्या क्रॉसच्या व्हॉल्वपाशी उभा राहीन. पाखराची नाही, नदीची कविता म्हणेन, सोळाच्या सोळा कडवी, शेवटचंसुद्धा तिथेच थांबून. कॉफी निवली तरी चालेल.

तुझा धाकटा,
बापू