टाकीतले हात

१० एप्रिल, बुध.

भाऊजींना शाल मिळाली. शाल, नारळ आन् खोट्या मोत्याचा हार. बायपासपलीकडं नवीन बिल्डिंगी उभ्या राहायल्यात, तिथल्या फ्लॅट-बुकिंगच्या कार्यक्रमात बिल्डरनं सत्कार ठेवला होता. माइकवर म्हणले, "आपल्या भागातले तरुण पियानोवादक, सचिनराव!" मी तिसऱ्या रांगेत. टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवीत होते, मग मी एकटीनं काय हात बांधून बसायचं?

भाऊजींच्या यूट्यूब चॅनलवर अकरा व्हिडिओ. अकराच्या अकरामध्ये हात माझे. तोंड कुणाचंच नाय. खाली नाव: 'वादन व प्रकाशयोजना – सचिन.' माझा दीर. ह्याला सा कुठल्या पट्टीवर असतो ते माहीत नाय.

घरी आल्यावर सासूबाईंनी त्याची दृष्ट काढली. वर शालीची पण काढली. शालीची!

मला शाल नको. माझ्या हातांखाली माझं नाव पाहिजे, बस्स. आन् ते मिळेस्तोवर ह्याला सुखाचा घास गिळू देणार नाय.

१२ एप्रिल, शुक्र.

शूट. दुपारी दीड ते चार. टँकर काल येऊन गेला, म्हणजे आज गल्लीत आरडाओरडा नाय. तेवढं बघूनच दिवस ठरवावा लागतो.

अंगणातल्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत शिडीनं उतरायचं. टाकीला तडा गेलाय, पाणी ठरत नाय. बोअर तर जानेवारीतच गेला. नळाची लाइन म्हणं येणार, येणार. घरं चारी बाजूनं वाढायलीत, पाणी काय येईना. म्हणून टाकी रिकामी आन् तिचा झाला स्टुडिओ. तोंडावर माझ्या वडलांनी, आण्णांनी, माहेराहून, पिशोरहून दिलेली घोंगडी टाकली की भर दुपारी काळाकुट्ट अंधार. दिवे असे उठून दिसतात!

दिवे मात्र त्यानं भारी केलेत. खोटं कशाला बोलू. जुन्या खिडकीची चौकट, तिला बटर पेपर, मागं कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीसाठी दिव्यांची एक उभी रांग. कीबोर्डची पट्टी दाबली की तिच्यावरचा उजेड खालून वर सरकत जातो. जोरात दाबली तर उंच, हळू दाबली तर बोटभर. सगळं ह्याच्या हातचं. डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसलाय, पण तेवढं येतं.

मला काळ्या लांब बाह्या. बांगड्या काढायच्या, आवाज होतो म्हणून. एरवी कपडे धुताना एक बांगडी फुटली तरी सासूबाई "हात रिकामा ठेवू नको" म्हणून मागं लागतात. शूटिंगला मात्र चालतं.

मी खाली टाकीत घामानं निथळतेय. हा वर दिव्यांच्या बटणापाशी. "वहिनी, परत एकदा. शेवट जरा स्लो."

मला शिकवतो!

१५ एप्रिल, सोम.

काल व्हिडिओ टाकला. कुणीतरी लिहिलंय, 'दादा, बोटांत जादू आहे, किती वर्षांचा रियाज?' ह्याचं उत्तर: 'धन्यवाद. लहानपणापासून.'

लहानपणापासून! पिशोरच्या शाळेत पाचवीपासून बारावीपर्यंत रोज सकाळी प्रार्थनेला पायपेटी मी वाजवली. पाय पुरत नव्हते म्हणून उभी राहून वाजवायची. घरची मेंढरं चारायला धाकटीला पाठवून आई मला शाळेत धाडायची, त्या पेटीसाठी. आन् रियाज कुणाचा तर ह्याचा.

जेवताना विषय काढलाच. म्हटलं, "माझं नाव टाका की खाली."

सासूबाई: "घरच्या सुनेला सगळ्या जगानं बघायचं का? हात दिसतात तेवढं पुरे."

म्हटलं, "नाव टाकायचंय, फोटो नाय."

तो: "वहिनी, चॅनल माझ्या नावाचं हाय. लोक कन्फ्यूज होतील."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे आमटी भुरकत होते. "जाऊ दे ना रेखा. घरातल्या घरात काय माझं-तुझं."

असं व्हय. बरं.

१६ एप्रिल, मंगळ.

भाऊजींच्या आंघोळीची बादली कढीपत्त्याला घातली. "अय्यो, तुमची होती का?"

चहात साखर घातली नाय. प्याला मुकाट. ह्यानं काय होतंय म्हणा. पण झाड टवटवीत झालं.

२४ एप्रिल, बुध.

भाऊजींना स्थळ आलंय. गंगापूरचं. पोरगी प्रणाली, बीएस्सी झालेली. हिनं म्हणं सगळे व्हिडिओ बघितलेत, एकेक दहादा. मध्यस्थ सांगत होता, "पोरीनं स्वतःहून नाव काढलं, पियानोवाला मुलगा असंल तर बघते."

सासूबाई हवेत. तो तर आरशासमोरून हलंना.

मी भाकरी थापत होते. एक भाकरी हातातच फाटली.

२८ एप्रिल, रवि.

निरोप आलाय: पोरीला समोर बसून ऐकायचंय.

दुपारी भाऊजी माझ्यामागं मागं. "वहिनी. ओ वहिनी."

म्हटलं, "काय ओ पियानोवादक?"

त्याचा बेत असा. कीबोर्डमध्ये रेकॉर्ड करायची सोय हाय. मी आधी वाजवून भरून ठेवायचं. पाव्हणे आले की हा बटण दाबणार आन् पट्ट्यांवरून नुसते हात फिरवणार. दिवे पण त्या रेकॉर्डिंगवर आपोआप लागणार. खिडक्या झाकून अंधार करायचा. कुणाच्या बापाला कळायचं नाय.

"तेवढं करा वहिनी. तुमचे उपकार विसरणार नाय."

"नाव टाकता?"

"लग्न होऊ द्या. मग टाकतो. नक्की टाकतो."

लग्न होऊ द्या! म्हणजे आधी माझ्या हातांवर बायको आणणार, मग बघणार.

"भरून देते," म्हटलं. लगेच. त्याला शंका पण आली नाय.

३ मे, शुक्र.

रेकॉर्डिंग करून दिलं. साडेतीन मिनिटांचं. सुरुवात अशी गोड वाजवली की माझ्याच अंगावर काटा आला.

आन् बरोबर मध्यावर हात मांडीवर ठेवून बसले. मनात सोळा मात्रा मोजल्या. मग पुढचं वाजवलं.

सोळा मात्रा आवाज नाय. दिवा नाय. हा तिथं हात फिरवीत बसंल, सगळ्यांसमोर. फिरव म्हणावं लहानपणापासून.

त्यानं सुरुवात तेवढी ऐकली, "एक नंबर वहिनी," म्हणून बंद केलं. पूर्ण ऐकायचा कंटाळा. ज्याला स्वतःचं वादन असतं तो शेवटपर्यंत ऐकतो.

झोप मस्त लागली.

५ मे, रवि.

पार वाटोळं झालं. माझंच.

पाव्हणे पाच जण. पोरगी, आई-वडील, मामा, मध्यस्थ. खिडकीला घोंगडी, चौकट टाकीतून वर आणून टेबलावर. मी स्वयंपाकघराच्या दारात, पोह्यांवर खोबरं टाकत.

बटण दाबलं. दिवे चढायला लागले, सगळे आ करून बघायले. तो डोळे मिटून मान डोलावतोय, काय सांगू. आन् आला तो मध्य. आवाज बंद. अंधार.

एक मात्रा. दोन. तीन. तो तसाच हात फिरवतोय...

आन् मामांनी टाळ्या वाजवल्या! "वा! वा! झकास!" त्यांना वाटलं, संपलं. मग सगळेच वाजवायला लागले. सासूबाई तर उठूनच उभ्या राहिल्या. ह्यानं पटकन् हात उचलून नमस्कार केला, आन् हात जोडलेले असताना कीबोर्ड आपला आपण वाजायला लागला. दिवे धडाधड वर.

मी खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. म्हटलं, आता. आता मेला.

मामा म्हणले, "आरं तिच्या मायला! हात न लावता वाजतंय! ऑटोमॅटिक हाय व्हय?"

हा गडबडला, पण दीडच सेकंद. "हां... मीच बनवलंय. सिस्टीमच तशी हाय."

झालं. मामा पार खुळावले. "लई हुशार पोरगा! वाजवतो पण, आन् मशीन पण बनवतो!" पोरीचे वडील चौकटीमागची वायर न् वायर बघत बसले. माझ्या सोळा मात्रांनी ह्याला इंजिनियर करून ठेवलं.

पोरगी मात्र टाळ्या वाजवत नव्हती. खाली मान घालून बसलेली. मी चहा दिला तर माझ्या हाताकडं बघत राहिली. नंतर बशा ठेवायच्या निमित्तानं आत आली. मी कप विसळत होते. उजवी करंगळी लहानपणी मोडली होती, ती नीट बसलीच नाय, काहीही करताना वर ताठ राहते. तिथंच बघत उभी. म्हणली, "ताई, तुमचा नंबर देता?"

दिला. बशा ठेवून बाहेर गेली.

६ मे, सोम.

तिकडून मोठ्यांचा होकार. पोरीनं आठवडाभर मागून घेतलाय. सासूबाईंनी पेढे आणले. मी खाल्ला नाय. दात दुखतो म्हटलं.

९ मे, गुरु.

प्रणालीचा मेसेज. जसाच्या तसा उतरवून ठेवते.

'ताई, व्हिडिओतले हात तुमचे आहेत ना? करंगळी ओळखली मी. घरी कुणाला बोलले नाही. मी त्या हातांकडे बघून या स्थळाला तयार झाले होते. तुम्ही खरं सांगा. हात त्यांचे म्हणालात तर होकार देते, माझीच चूक समजेन. तुमचे म्हणालात तर नाही म्हणते. तुमच्यावर सोडलं.'

चारदा वाचला. मग मोरीत जाऊन हसले, तोंडाला पदर लावून. मग रडले. कशासाठी ते माझं मलाच कळंना.

एक शब्द. 'माझे.' एवढा टाइप केला की ह्याचं लग्न गेलं. बस म्हणावं शाल पांघरून मे महिन्यात.

टाइप केला. पाठवला नाय.

११ मे, शनि.

आज तो स्वतः आला. मी ड्रमातलं पाणी गाळत होते. फडकं धरायला लागला, न सांगता. जन्मात पहिल्यांदा.

"मधला गॅप तुम्ही मुद्दाम ठेवला ना वहिनी?"

"व्हय."

"मी कुणाला सांगितलं नाय."

"मोठे उपकार झाले."

मग म्हणला, "ती काय बोलंना. तुमच्याशी बोलली ना आत? माझ्याबद्दल चांगलं सांगा की. मला आवडली ती. खरंच."

त्याच्या बोटांना सोल्डरचे चटके बसलेले, चार-पाच काळे डाग. एवढ्या जवळून कधी बघितले नव्हते. क्षणभर वाईट वाटलं. लगेच स्वतःचाच राग आला. माझे हात कुणी बघितले का एवढ्या जवळून, ह्या घरात? परक्या पोरीनं बघितले, पोहे खाता खाता.

म्हटलं, "आज नाव टाका. आत्ता. मग बोलते तिच्याशी."

"आत्ता टाकलं तर तिला कळंल ना वहिनी..."

फडकं सोडून दिलं. पाणी सांडलं. टँकरचं पाणी, तरी सांडू दिलं.

१२ मे, रवि.

दिवसभर मेसेज लिहिला आन् पुसला.

'माझे.' पुसलं. 'त्यांचे.' पुसलं. आजवर ह्या लोकांनी माझे हात माझे नाय म्हणून सांगितलं. आता तेच मी माझ्या तोंडानं म्हणू?

ह्यांना सगळं सांगितलं. मेसेज दाखवला. हे बराच वेळ वाचत राहिले. म्हणले, "सच्याचं लग्न मोडंल गं."

"मग काय लिहू? तुम्हीच सांगा. हात कुणाचे?"

ह्यांनी डबा उचलला. कंपनीची बस आली, गेले.

संध्याकाळी पोरीला लिहिलं: 'लिहून नाय सांगत. मंगळवारी दुपारी दोनला व्हिडिओ कॉल कर.'

'बरं ताई,' म्हणली.

१४ मे, मंगळ.

दोनला दहा कमी. टाकीत बसून लिहितेय, मोबाइलच्या उजेडात.

सासूबाई शेजारणीबरोबर खुलताबादला दर्शनाला गेल्यात. हे ड्यूटीवर. कीबोर्ड मी एकटीनं खाली उतरवला. चौकट पण. काळ्या बाह्या घातल्या नाय. बांगड्या हातात, आठच्या आठ. वाजू दे काय वाजायचं ते. मोबाइल शिडीला असा बांधणार की हात दिसतील आन् तोंड पण.

वरून घोंगडी सरकली. तो.

"वहिनी? आज कुठं शूट हाय?"

"प्रणालीचा फोन येणारै. व्हिडिओ."

तोंड पांढरं पडलं. "काय सांगणार तुम्ही तिला?"

"सांगणार काय नाय. वाजवणार."

"वहिनी, पाया पडतो तुमच्या."

"बटण तुमच्याकडं हाय," म्हटलं. "दिवे लावा. दिवे कुणी केले ते मी स्वतः तिला सांगीन, एकेक तार सांगीन. नाय लावलं तर घोंगडी काढून टाकीन, उन्हात वाजवीन, आन् दिव्यांचं नाव पण काढणार नाय. तुमच्यासारखंच करीन. बघा."

इथून फक्त त्याच्या चपला दिसायल्यात. दोन-तीनदा मागं सरकल्या, परत पुढं आल्या. घोंगडी अर्धीच टाकलेली. लावायचेत का पळून जायचंय, त्याचं त्याला कळंना झालंय.

दिवे लागले नाय अजून. फोन वाजतोय.