मेकॅनिकसमोर कधीच बंद न पडणारी गाडी

४ जानेवारी, दुपारी
गाडी आली. धाकट्या भावाने त्याची मोटरसायकल स्वतः चालवत आणली. त्याला आता ऑफिसची बस न्यायला येते, गाडी नुसती उभी होती. पैशाचं नाव काढलं तर म्हणाला, ताईकडून कसले पैसे. सात वर्षांत एकदाही रस्त्यात थांबली नाही म्हणे. माझा भाऊ खोटं बोलत नाही. लहानपणी शेजारच्यांची काच फोडली तेव्हा आपण होऊन कबूल झाला होता. (मी आधीच सांगून आले होते, ती गोष्ट वेगळी.)

सासूबाई म्हणाल्या, आयत्या बिळावर नागोबा झालात खरे, पण आधी बिळात हात घालून पाहायचा. मी सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या भावाची गाडी म्हणजे माझा शब्द. हे गाडीभोवती एक फेरी मारून आले. हे सहसा बोलत नाहीत.

संध्याकाळी
यांना किल्ल्या हरवायची सवय. म्हणून गाडीच्या किल्लीबरोबर घराच्या सगळ्या किल्ल्या एकाच रिंगमध्ये ओवल्या: पुढचं दार, मागचं दार, कपाट, ट्रंक, पाण्याच्या टाकीचं झाकण, मीटरची पेटी. शिवाय ज्यांचं कुलूप आठवत नाही पण टाकवत नाहीत अशा पाच. वर देवाचा पितळी बिल्ला, रक्षणासाठी. आता एवढा मोठा जुडगा हरवून दाखवावाच यांनी.

कपाट दिवसभर बंद राहील, कारण जुडगा यांच्याबरोबर कामावर, पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर जाणार. बरंच आहे. साखर पुरवून वापरली जाईल.

७ जानेवारी, सकाळी ८
गाडी रस्त्यात बंद पडली. यांचा फोन आला होता. दिवा नाही, हॉर्न नाही, इंजिन गप्प. किल्ली बंद करून परत फिरवली की चालू. पाच मिनिटांनी पुन्हा मेली. हे वीस मिनिटं उशिरा पोहोचले. यांनी पंप ताब्यात घेतल्याशिवाय रात्रपाळीवाल्याला हलता येत नाही. तो बिचारा डबा काखेत धरून गेटवर उभा होता. म्हणाला, साहेब, मी आता आंघोळ इथेच करत जाऊ का?

काळजीचं कारण नाही. गाडी नव्या घरात आली आहे, बुजणारच. नवी सूनसुद्धा आठ दिवस गप्प असते. हे मी मोठ्याने बोलले. सासूबाईंनी विचारलं, कोण गप्प होतं?

९ जानेवारी
बॅटरीची टोकं कोमट पाण्यात सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासली. पांढरं काय काय निघालं. वर व्हॅसलीन लावलं. देवासमोर दिवा लावून अकरा वेळा नाव घेतलं. दोष गेला. हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवलं: गाडी, दुरुस्त, ९ तारीख.

१० जानेवारी
दोनदा बंद पडली. कालचं पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं.

११ जानेवारी, रविवार
मेकॅनिककडे गेलो. मीही गेले, कारण हे मेकॅनिकला फक्त "बघा जरा" एवढंच सांगतात. निघताना गाडीची किल्ली रिंगमधून सोडवून घेतली. घराच्या किल्ल्या परक्या माणसाच्या हातात देऊ नयेत, ही माझ्या आईची शिकवण.

मेकॅनिकने गाडी उखणलेल्या गल्लीतून दोन फेऱ्या मारून आणली. खड्डे मुद्दाम शोधून त्यांत घातली. एकदाही बंद पडली नाही. म्हणाला, वहिनी, पेशंट ठणठणीत आहे, घरच्यांना तपासून घ्या.

मला बरं वाटलं. धाकटा खरं बोलत होता. मग दोष कुणाचा? मी यांच्याकडे पाहिलं. हे दुसरीकडे पाहत होते.
घरी आल्याबरोबर किल्ली रिंगमध्ये परत घातली.

१३ जानेवारी
बंद. सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, माहेरहून गाडीबरोबर ढकलायला माणूस पण येणार होता का?

१४ जानेवारी
आजपासून शास्त्रशुद्ध. मी मॅट्रिकला गणितात पहिली आले होते (वर्गात, मुलींमध्ये). वहीत रकाने आखले: वेळ, जागा, ऊन की ढग, पेट्रोल किती, हे चिडलेले होते का, मागे कोण बसलं होतं. कुठलाही बिघाड रकान्यांपुढे टिकत नाही.

२० जानेवारी
सापडलं! सहा दिवसांत नऊ वेळा बंद, त्यातल्या आठ वेळा पंपहाऊसच्या भिंतीजवळच्या फुटक्या रस्त्यावर. ती जागाच वाईट आहे. यांना गुळगुळीत मोठ्या रस्त्याने जायला सांगितलं. लांब पडतो, पण सांगितलं.

२३ जानेवारी
तीन दिवस एकदाही नाही. मी धाकट्याला फोन करून सांगितलं की गाडी सोन्यासारखी चालते. तो खूश झाला. म्हणाला, तुझ्याकडे आहे म्हणून चालते. सासूबाईंना मुद्दाम ऐकू जाईल असं बोलत होते.

२४ जानेवारी
मोठ्या रस्त्यावर नवीन स्पीड ब्रेकर घातला आहे. त्यावर बंद पडली. मागून बसवाला ओरडला. काय ओरडला ते हे सांगत नाहीत.

२५ जानेवारी
दुसऱ्यांदा मेकॅनिककडे. किल्ली सोडवून घेतली. गाडी शहाण्यासारखी चालली. मेकॅनिकने फ्यूज बदलला, वायरींचे जोड उघडून पुसले, प्लग बदलला. म्हणाला, वहिनी, असा फॉल्ट म्हणजे घरी धिंगाणा घालून पाहुण्यांसमोर "नमस्कार काका" म्हणणारं पोर. रंगेहाथ पकडल्याशिवाय मी काय करू? बिघडली की तिथूनच फोन करा, मी येतो.

२९ जानेवारी
बिघडली. फोन केला. मेकॅनिक आला. तोवर यांनी गाडीची किल्ली रिंगमधून काढून हातात तयार ठेवली होती. मीच तशी ताकीद दिली आहे. गाडी लगेच चालू झाली. मेकॅनिकने यांना नीट झोप घ्या म्हणून सांगितलं.

आता माझी खात्री झाली की गाडी मेकॅनिकला घाबरते.

३ फेब्रुवारी
यांनी ऑफिसातून एक कागद आणला. माझ्यासमोर ठेवला आणि हात धुवायला गेले. अजून तीन वेळा उशीर झाला तर यांची बदली टेकडीवरच्या टाकीवर. तिथे बस जात नाही. आठवड्यातून एकदा घरी येता येतं.

कपाट बंद, जुडगा यांच्या खिशात, कागद ठेवायला जागा नाही. दिवसभर पदराला बांधून फिरले.

४ फेब्रुवारी
हे बोलले. चांगलं दहा वर्षांनी एवढं सलग बोलले असतील. म्हणाले, तुझ्या भावाला माहीत असणार. त्याला डोईजड झाली म्हणून त्याने आपल्याला दिली. मी ताडकन उठले, म्हटलं, माझा भाऊ तसा नाही. हे म्हणाले, मग दुसरं कारण सांग. मी वही आणली. सगळे रकाने वाचले. एकाही रकान्यात कारण नव्हतं.

७ फेब्रुवारी
पुन्हा उशीर. आता दोनच उरले.

८ फेब्रुवारी, दुपारी
धाकट्याला फोन केला. नीट, शांतपणे विचारायचं ठरवलं होतं. कागदावर लिहून पण घेतलं होतं. पण सासूबाई समोर बसल्या होत्या, हे दारात उभे होते, आणि तो पलीकडून हसत म्हणाला, काय ताई, कशी आहे माझी गाडी?

मी म्हणाले, बहिणीच्या गळ्यात मारलीस ती? तुला माहीत होतं की नाही, खरं सांग.

तो म्हणाला, ताई, तू असं म्हणतेस? मी म्हटलं, मी म्हणत नाही, गाडी म्हणते आहे. तो म्हणाला, पुढच्या रविवारी येऊन घेऊन जातो.

१५ फेब्रुवारी
आला. दारातच उभा राहिला. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी गाडीची किल्ली रिंगमधून सोडवून त्याच्या हातात दिली. त्याने किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. एका किकमध्ये गेली. कोपऱ्यावरच्या खड्ड्यातूनसुद्धा गेली.

सुटले एकदाची. देवाला मनापासून हात जोडले.

१८ फेब्रुवारी
हे पाच वाजता उठून बसने जातात. तिन्ही दिवस वेळेवर. रात्रपाळीवाला म्हणे यांच्या पाया पडायचा बाकी आहे. आणि आज चौदा वर्षांत पहिल्यांदा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, आमची सून माहेरचं ऐकून घेणारी नाही, वेळ पडली तर सख्ख्या भावालाही सुनावते. कपाटाच्या आडून ऐकलं. (जुडगा आता माझ्या कमरेला असतो, कपाट केव्हाही उघडतं.)

२४ फेब्रुवारी
भावजयीचा फोन. म्हणाली, वन्सं, राग धरू नका, पण हे रोज गाडी घेऊन फिरतात, कुठे कुठे जातात, एकदाही बंद पडली नाही.

म्हणजे त्याने गुपचूप दुरुस्त करून घेतली. म्हणजे दोष होताच. म्हणजे मी बरोबर होते. यांनाही तसंच सांगितलं. हे हो म्हणाले. सासूबाई तर म्हणाल्या, मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

२७ फेब्रुवारी
रॉकेलच्या दुकानाशी मेकॅनिक भेटला. गाडी कशी आहे म्हणाला. सांगितलं, परत केली. बोलता बोलता त्याची नजर माझ्या कमरेवर गेली. त्याने विचारलं, वहिनी, हा जुडगा गाडीच्या किल्लीला लावला होता का हो? मी म्हटलं, हो, पण तुमच्याकडे येताना सोडवून आणत असे. परक्याच्या हातात घरच्या किल्ल्या कशा द्यायच्या?

त्याने जुडगा मागून घेतला. तळहातावर एकदा वर-खाली केला. मग दुकानासमोरच्या उलट्या डब्यावर बसला.

म्हणाला, एवढं वजन किल्लीला लोंबकळत असेल तर खड्ड्यात गचका बसला की किल्ली कुलपात हलते, आतला कॉन्टॅक्ट सुटतो, सगळी वीज जाते. गाडीत काही नव्हतं वहिनी. माझ्याकडे आणताना तुम्ही आजारच घरी ठेवून येत होता.

मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाला. मग हसायला लागला, आणि माझं तोंड पाहून थांबला.

घरी येऊन वही उघडली. किल्लीचा रकानाच आखला नव्हता.

२८ फेब्रुवारी
उद्या धाकट्याला फोन करून सगळं खरं सांगायचं. पक्कं. आधी यांना सांगावं का? यांना सांगितलं तर सासूबाईंना कळणार. गेल्या दहा दिवसांत त्यांनी मला दोनदा "बाळ" म्हटलं आहे.

१ मार्च
आज फोन केला नाही, कारण रविवारी तो घरी असतो.

३ मार्च
नीट विचार केला तर चूक कंपनीची आहे. किल्लीला भोक ठेवलं की माणूस त्यात दुसऱ्या किल्ल्या घालणारच. पण हे धाकट्याला समजावताना लांबण लागेल. लिहून काढलं. चार पानं झाली. त्यात माझ्या चुकीचं वाक्य शेवटच्या पानावर, खालून दुसऱ्या ओळीत आलं. ते वर घ्यायला हवं.

६ मार्च
घसा बसला आहे. गुळण्या केल्या.

१० मार्च, सकाळी ११
हे कामावर, सासूबाई आंघोळीला. चार पानांची दोन वाक्यं केली. "धाकट्या, गाडीत काही नव्हतं. चूक माझी." पाठ केली. देवाला नमस्कार केला. फोन लावला.

भावजयीने उचलला. म्हणाली, वन्सं, आज यांना सुट्टी आहे, पण आत्ताच गाडीवर बाहेर गेले. तुमचा फोन आला की सांग, असं रोज सांगून जातात. काय निरोप देऊ?

आतून सासूबाईंनी बादली सरकवल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, चेनला तेल घालत जा म्हणावं. कोरडी ठेवू नये.

ती म्हणाली, सांगते. आणखी काही?
मी म्हटलं, नाही, एवढंच.