एक निरोगी मूल

मी, नंदा रावसाहेब सोनकांबळे, वय बावन्न, राहणार सेंगकांग, सिंगापूर, शरीराने निरोगी व मनाने शुद्धीवर असताना, कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे, हे वकिलांनी मान्य केलं आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द.

१. फ्लॅट व शिल्लक माझी मुलगी प्रियदर्शिनी हिला. तिने काळा मसाला फेकू नये.

२. मुंबई इलाख्यातल्या गोऱ्या डॉक्टरांनी दोनशे वर्षांपूर्वी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचं आमचं पुस्तक. भाषांतर व टिपा माझ्या. प्रस्तावना आणि पुढेपुढे करणं सहलेखक डॉ. माधव यांचं. माझ्या भागाचे हक्क प्रियदर्शिनीला, एका अटीवर.

अटीमागचं कारण असं. देवीची लस तेव्हा बाटलीत उन्हाने मरायची. म्हणून ती पोरांच्या अंगावरून न्यायचे: एकाच्या दंडावर फोड आला की त्यातला द्रव दुसऱ्याच्या दंडात. गावोगाव चालवलेली ही पोरं महारवाड्यातली, असं पत्रांतच आहे. तोच द्रव घ्यायला वरच्या आळीतले नाक मुरडतात, ही तक्रारही तिथेच. डॉक्टर एकमेकांचे आभार नावानिशी मानतात. पोर मात्र नुसतं ‘एक निरोगी मूल’.

या पत्रांचं प्रकरण माधवने पुस्तकातून गाळलं. बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, मी आणून दिलेली कॉफी पीत म्हणाला, “नंदाताई, विज्ञानाचं पुस्तक आहे. त्यात जात कशाला?”

“मी नाही घातली. तुझ्या डॉक्टरांनी घातलीय.”

“तुम्ही फार मनाला लावून घेता बुवा.”

घरी हे सांगितलं तर मुलगी सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “मम्मी, टू हंड्रेड इयर्स अगो, लाह!” मी तिला माझ्या दंडावरची देवी टोचल्याची खूण दाखवली. बोट लावून बघत राहिली. मग चक्क मराठीत विचारलं, “त्या मुलांची नावं काय होती?”

पुस्तक तिच्याकडे सोपवते ते या प्रश्नासाठी.

३. माधवकडे राहिलेली माझी छत्री त्यानेच ठेवावी. परत मागायची तर त्याच्याशी बोलावं लागेल.

४. मंडाईच्या स्मशानभूमीत नेताना त्रिसरण-पंचशील म्हणावं. ब्लाउज बिनबाह्यांचा, खूण झाकू नये. माधवने यावं, भाषण करू नये.

५. अट: गाळलेलं प्रकरण पहिलं छापावं, नाहीतर माझी एक ओळही देऊ नये. माधव कबूल होईपर्यंत प्रियदर्शिनीने त्याला पत्र लिहिताना नाव घालू नये. मायना असा: ‘एक निरोगी सहलेखक यांस’.

सही: नंदा रावसाहेब सोनकांबळे
सेंगकांग, ९ मार्च २०२५

साक्षीदार (दोघांनाही यातून काही मिळणार नाही, तरी नावं पूर्ण लिहिली आहेत):
चैत्राली सुबोध वाघमोडे
अभय विश्वास डोंगरदिवे