यकृत सोडून बाकी सर्व

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, "हे यकृत वडिलांना देण्याजोगं नाही. चरबीच चरबी आहे. वय काय रे तुझं?" त्या क्षणी माझं सगळं जगच फिरलं. तोवर मी समजत होतो की माझं खाणं ही माझी खासगी बाब आहे.

काही महिन्यांनी, म्हणजे काल, त्याच बाईंनी नवी तपासणी पाहिली आणि म्हणाल्या, "चालेल!" उद्या ऑपरेशन. सबब मी, ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा एकुलता मुलगा, कॉलेज अर्धवट पण डोकं पूर्ण शाबूत, कोणीही हात न पिरगळता, भयंकर आनंदात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. मरायचा इरादा अजिबात नाही.

कलम १. यकृताचा मोठा तुकडा बाबांना. तो जिवंतपणीच, राजीखुशीने देत असल्याने या मृत्युपत्रात धरू नये. माझं काही बरंवाईट झालं तरी तो त्यांचाच. कॉलेज सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलले ते फक्त माझ्या पोटाबद्दल. "ट्रक आला, बाजूला व्हा!" मीही कमी नव्हतो. "डिझेल माझं, तुमचं काय जातं?" डिझेल माझंच होतं, पण टाकीत, म्हणजे यकृतात, त्यांचाही वाटा निघाला.

कलम २. बँकेत जे काही आहे ते आईला. किती आहे ते पाहून तिने हसू नये.

कलम ३. मामा वकिलाकडे कारकून आहे. मी तपासणीत नापास झालो त्या संध्याकाळी त्याने टेबलावर मूठ आपटली. "त्या बर्गरवाल्यांवर दावा ठोकू! पोराचं यकृत खाल्लं त्यांनी!"

"मामा, खाल्लं मी."

"तू गप. तू पीडित आहेस."

पीडित म्हणे! बर्गर काही जिना चढून माझ्या खोलीत आला नव्हता. मी मेलो तरी मामाने माझ्या नावाने दावा लावू नये, ही सक्त ताकीद. दुकान संत नाही, मान्य. "थोड्या पैशांत मोठं करू का?" हा गळ ते रोज टाकतं. पण मासा अर्धं कॉलेज शिकलेला होता, आणि रोज दुपारी आपणहून पोहत गळापाशी जात होता. माझे डंबेल्स, जे मी दाराला अडसर म्हणून वापरले, ते मामाला. दाव्याची हुक्की आली की उचलावेत.

कलम ४. माझी सायकल, घंटीसकट, तिला. ती म्हणजे त्याच दुकानात टोपी घालून काउंटरवर उभी असते ती. तिच्याशी बोलायचं तर काहीतरी मागवावं लागे, आणि मला फार बोलायचं असे. "सोबत थंड काही?" असं तिने विचारलं की वाटे, केवढी काळजी! त्या काळजीवर मी वर्षभर फुगलो.

नापास झाल्यावर तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "काय देऊ?"

"काही नको."

"मग रांगेत कशाला?"

"तुझ्यासाठी."

मागचा माणूस म्हणाला, "लग्न नंतर लावा, आधी माझे बटाटे!"

माझं डोकं सटकलं. बाबांचं सगळं सांगून टाकलं आणि वर ओरडलो, "तुम्हीच भरवता लोकांना!"

ती शांतपणे म्हणाली, "मी डबा घरून आणते. तुझ्या तोंडात मी घास घातला नाही." मग आवाज खाली आणून, "सहाला सुटते. टेकडीवरून चालत जाते. दम असेल तर ये."

दम नव्हताच. पहिल्याच चढावर मी कठडा धरून उभा, आणि ती हसत पुढे. पुढच्याच आठवड्यात तिची ड्यूटी सकाळची झाली. म्हणून 'प्रेमापायी केलंस' असं कोणी म्हणू नये. टेकडी मी रोज एकटा चढलो, आणि आईच्या हातच्या भाज्या नाक न मुरडता खाल्ल्या. त्या काउंटरवालीला आणखी एक गोष्ट सांगायची आहे. ती कागदावर वाया घालवणार नाही. परत आलो की तोंडाने सांगेन.

कलम ५. उरलेलं यकृत माझं. ते पुन्हा वाढतं म्हणतात. त्याचं बरंवाईट सर्वस्वी माझ्याकडे. त्यात कोणी वाटेकरी नाही.

इथवर लिहिलं आणि हॉस्पिटलमधून बाबांचा फोन आला. शिकाऊ गाडीत मास्तरांच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. बाबा घरातही तसेच बसतात.

"अजून वेळ आहे, पोरा. नको वाटलं तर थांब. मी काही म्हणणार नाही."

"बाबा, ब्रेकवरचा पाय काढा. गाडी मी चालवतोय."

बाबा म्हणाले, "बरं. सावकाश ये."

वरील मजकूर माझाच, अक्षरही माझंच.

सही: (केली)
साक्षीदार: १. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका. २. शेजारच्या निवृत्त नर्सबाई. ("सुटसुटीत लिहायचं होतंस," असं म्हणून सही केली.)
स्थळ: माझी खोली
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस

कागद टेबलावर ठेवला, साक्षीदारांना पुढे घातलं. मी हॉस्पिटलकडे निघालो. दार ओढून घेतलं.