नातेवाइकांनी उशीर केला

धुळे,
१२ डिसेंबर २०२५

चि. तेजस यास,
भटू मामाचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. इकडे मामी बरी आहे. आमची भूमिका बारावीला आहे, गणित सोडून सगळ्यात हुशार. धुळ्यात थंडी चांगलीच पडली आहे, सुरतेला पडते की नाही कोण जाणे. मिलमध्ये दिवसपाळी मिळाली का? डबा लावलास की अजून हातानेच भाकरी जाळतोस?

पिंपळनेरला मी दोनदा जाऊन आलो. अक्का, म्हणजे तुझी आई, एकटीच असते. तिच्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी दुसरं लिहितो.

माझी नोकरी तीच. खाजगी दवाखान्याच्या दाराशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, मागे सरकारच्या मोफत उपचार योजनेचा बोर्ड, आणि अंगात आरोग्यमित्राचा पांढरा कोट. कोट पाहून खेड्यातली माणसं मलाच डॉक्टर समजतात आणि कुठे दुखतं ते दाखवायला लागतात. मीही पहिल्या वर्षी फुगून गेलो होतो. आपल्या गावात, पिंपळनेरला, घरोघर फिरून मी योजनेची कार्डं काढली. पारावर उभा राहून सांगितलं, आता दवाखान्यात कोणी एक रुपया काढायचा नाही, काढला तर मला विचारा.

तुझे वडील गेल्यावर, नानांच्या गंधमुक्तीच्या कार्याला तू सगळ्यांसमोर विचारलं होतंस, "मामा, तुमची योजना खरी का खोटी?" तेव्हा मी पाण्याचा तांब्या शोधायला उठलो. आज सांगतो.

खरीही आहे. आपल्या झुलालच्या नातीच्या हृदयाला छिद्र होतं, ते या कार्डावर बुजलं. पोरगी आता शाळेत धावते. झुलाल मला रस्त्यात पाहिलं की हात जोडतो आणि मला मान वर करवत नाही.

आणि बाकीचंही ऐक. बीपीच्या रोजच्या गोळीला कार्ड चालत नाही, भरती व्हावं लागतं. म्हणजे नस फुटेपर्यंत माणसाने स्वतःच्या खिशातून गोळ्या घ्यायच्या, फुटली की सरकार धावून येणार. योजनेचे पैसे दवाखान्याला महिनोन्महिने मिळत नाहीत, म्हणून कार्डवाला बाकावर बसतो आणि रोखीवाला आत जातो. त्याला कोणी लाच म्हणत नाही, फक्त "जरा थांबा" म्हणतात. उपचार सुधारले का, खर्च कमी झाला का, असं विचारायला मुंबईहून दोन मुली वही घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, ज्याचा नंबर लागला त्याला विचारा. त्यांनी ते लिहून घेतलं. चहाही चांगला घेतला.

आता त्या दिवसाचं.

नानांना घेऊन अक्का सकाळी साडेदहाला आली. पिंपळनेरच्या सरकारी डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, हृदयाचा झटका आहे, वेळ घालवू नका. आमच्या डॉक्टरांनी पाहिलं. म्हणाले, नळी घालून नस उघडावी लागेल, रोख भरत असाल तर आत्ताच घेतो, कार्डावर करायचं तर मंजुरी येऊ द्या. डॉक्टरांनी स्वतः फोन केला तर तातडीची मंजुरी लगेच मिळते. मी दोनदा सांगायला गेलो. दोन्ही वेळा ते म्हणाले, करतो.

तेजस, पैसे होते. तुझा अंदाज बरोबर होता. विकलेल्या कांद्याची पट्टी, सगळी रोख, चार दिवसांपूर्वीच आली होती. अक्काने लुगड्याच्या आतली पिशवी सोडून काउंटरवर ठेवलीसुद्धा.

मी ती पिशवी उचलून तिच्या हातात दिली आणि तिची मूठ माझ्या हाताने बंद केली. म्हणालो, "अक्का, पैसा ठेव मांगे. आठे काहीच लागत नही. मी शे ना."

नाना स्ट्रेचरवरून सगळं ऐकत होते. ते माझी कायम चेष्टा करायचे, तुला माहीत आहे. तेव्हाही म्हणाले, "भटू, तुन्हं कार्ड मन्हा काय कामनं शे, गड्या?" आणि हसले. तेच माझ्या डोक्यात गेलं. गावभर मी मोठेपणा मिरवला होता. आरोग्यमित्राच्या सख्ख्या बहिणीनेच रोख भरली हे पिंपळनेरला कळलं असतं, तर पारावर माझी काय राहिली असती? त्या वेळी हाच विचार माझ्या मनात होता. नानांचा जीव मला दिसत होता आणि तरी मी माझ्या अब्रूचा हिशेब करत होतो. मला याची लाज वाटते, आणि ही लाज कोणाला सांगून कमी होईल असं वाटत नाही.

बारा वाजता वरून शेरा आला, ईसीजीची प्रत अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. पुन्हा पाठवली. दोन वाजता अक्का पिशवी घेऊन परत आली. म्हणाली, "भाऊ, मी भरी देस रे." मी म्हणालो, थोडं थांब, येतेच आहे मंजुरी. पावणेचारला नाना गेले.

मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

इथपर्यंत लिहून मी सकाळी पेन ठेवलं होतं. वाटलं, एवढं पुरे, एवढ्यावर तू मला शिव्या देशील आणि आईशी बोलशील. पण राहिलेलं लपवलं तर मी पुन्हा तेच केल्यासारखं होईल.

दवाखान्याने तुला कागद दिला ना, ज्यावर लिहिलं आहे, "नातेवाइकांनी निर्णय घेण्यास उशीर केला"? तो कागद हातात धरून तू गंधमुक्तीला आईसमोर उभा राहिलास. ती ओळ मी लिहिली आहे. मॅनेजर म्हणाले, कारण भरल्याशिवाय केस बंद होत नाही, आणि डॉक्टरांचं नाव घालायचं नाही. मी भरली. माझ्याच बहिणीवर, तिच्या नवऱ्याला जाऊन दोन दिवस झाले नव्हते तेव्हा.

तू विचारलंस, "आई, पैसे होते ना?" मी मामा म्हणून तुझ्या डोक्यावर टोपी ठेवून नुकताच बाजूला बसलो होतो. अक्काने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "पैसा व्हतात. मीच नही काढात." माझी नोकरी जाऊ नये म्हणून. तू टोपी काढून ठेवलीस आणि त्याच दिवशी सुरतेची गाडी धरलीस. मी तिथेच बसून होतो. चार माणसं कुजबुजली, बाईने नवऱ्यापेक्षा पैसा मोठा केला. तेही मी ऐकलं, आणि बुंदी खाल्ली.

काल मी वरच्या ऑफिसात लेखी दिलं की ती ओळ खोटी आहे आणि खरं काय घडलं. त्याची प्रत पाकिटात आहे. नोकरी बहुतेक जाईल. मामीला अजून सांगितलेलं नाही.

आता अक्काचं. तिच्या पोटात गाठ निघाली आहे. सिव्हिलचे डॉक्टर म्हणतात, आज काढली तर निभावेल, उन्हाळ्यापर्यंत थांबलात तर सांगता येत नाही. आधीपासून ठरवलेल्या ऑपरेशनला कार्ड नीट चालतं, आणि सिव्हिलमध्ये रोखीची रांगच नाही. एक रुपया लागणार नाही. हे वाक्य मी आता कोणत्या तोंडाने बोलू? मी बोललो, तर ती म्हणाली, "मले ना तुन्हं कार्ड जोयजे, ना ती पिशवी." पिशवी तिने सोडलेलीसुद्धा नाही, देव्हाऱ्याखाली तशीच आहे. संमतीच्या कागदावर मी सही करतो म्हटलं, तर नको म्हणाली. "मन्हा पोऱ्या करी ते करसू. नही ते ऱ्हाऊ दे." म्हणजे सही तूच करायचीस.

ती जगायला नाही म्हणत नाही, तेजस. ती तुझी वाट बघते आहे.

तारीख २२ डिसेंबरची, सोमवारची मिळते आहे. ये. मी समोर नको असेन तर सिव्हिलच्या फाटकाबाहेर उभा राहीन, कागद आत पोचवायला कोणाला तरी पाठवीन. माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, ते मी धरूनच चाललो आहे. पण हे पत्र खाली ठेवायच्या आधी आईला फोन लाव. ती उचलेल. साडेचार महिने मोबाइल उशाशी घेऊन झोपते.

मामा असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच,

भटू