न दिलेला पगार वाचला म्हणे

सोम., ६ ऑक्टो.
आणि खर्च ताटामागं! म्हणजे माझी जेवणं सगळ्यात जास्त जातात म्हणून पैसे जास्त मीच भरायचे, फायदा मात्र तिघांत सारखा. पठाडे सर हसत हसत सांगू ऱ्हायला. कॉम्प्युटरचं शिकला म्हणून सर म्हणायचं. तीन मेसचं मिळून एक सॉफ्टवेअर आणलंय त्यानं. माझी मेस, सलीमभाईची, बिडकीनच्या काकडेची. आज किती माणसं जेवणार तो आकडा कंपन्या सकाळी त्यातच टाकणार. फोन बंद. म्हणलं, फायदा दाखवा. म्हणे उद्या.

मंगळ., ७
दाखवला. "मावशी, फोन घ्यायला तीन जागी तीन माणसं. आता सॉफ्टवेअर बघायला एक पुरे. दोन पगार वाचले."
काकडेकडं फोन कोण घेतं? त्याची बायको. सलीमभाईकडं? त्यांची अम्मी. पगार कोण देतं त्यांना? काकडे खाली बघायला लागला. सलीमभाई हसले, "भाभी, अम्मी को पगार मांगना सिखाओ मत."
मग जे कधी दिलंच नाय ते वाचलं कसं? पठाडे म्हणे त्यांच्या वेळेची किंमत धरलीय. धरा. हातात काय पडलं?
पगारी माणूस एकच. माझी रेहाना.

बुध., ८
डोकं फिरलंय. बिडकीनची कंपनी म्हणती तिघं एका सॉफ्टवेअरवर या, नायतर दिवाळीनंतर काम दुसऱ्याला. लई मोठं काम ते, सोडवत नाय.
काकडेचा फोन. "वैनी, रेहानाला कशाला ठेवता? माझी बायको बघंल की तिघांचं. फुकटात."
"तिला विचारलं का?"
म्हणे, मग रेहानाला पोळ्यांवर घ्या. तिच्या मनगटाला लाटणं झेपत असतं तर फोनवर बसवली असती का मी? ठेवला फोन.

गुरु., ९
रेहानाला कोणी सांगितलं काय माहीत. सकाळचे सगळे फोन घेतले, आकडे आचाऱ्याला दिले, मग माझ्यापुढं येऊन उभी. वाटलं रडती आता. नाय रडली.
"ताई, खुलताबादेत मामूच्या दुकानावर बुला रहे. जाऊं क्या रहूं?"
अगं अजून ठरलं नाय, म्हणलं. तिघांचं मिळून, कंपनीचं पण बघावं लागतं, पठाडे परत हिशोब...
माझ्या मेसमधे माझं बोलणं कोणी तोडत नाय. तिनं तोडलं.
"तीनों का नक्को. तुमचं सांगा. सनिच्चर तक. हौ बोलो नै तो नै बोलो."