पोरगं सुटलं म्हणून

प्रिय बाबा,

आधी बातमी. इथे लॉन्सेस्टनच्या इस्पितळात रीस शुद्धीवर आहे. काल त्याने अर्धा टोस्ट खाल्ला आणि नर्सला विचारलं, "याला लॉन्सेस्टनमध्ये टोस्ट म्हणतात का?" म्हणजे मेंदू शाबूत आहे.

तू क्लबातल्या तुझ्या दोस्ताला, नॉबीला, म्हणालास म्हणे, "पोरगं मनाचं कच्चं निघालं." बाबा, तुझ्या शेतातली अफूची बोंडं आमच्या औषधाच्या कारखान्यात येतात तेव्हा त्यांत मॉर्फीन किती आहे, हे मी तपासते. माझ्या आकड्यावर तुझा भाव ठरतो, म्हणून तू दर हंगामात माझ्याशी भांडतोस. त्या पदार्थाला मन कच्चं की पक्कं हे कळत नाही. तो शरीराला ओळखतो, बस.

फुटबॉलच्या त्या उपांत्य सामन्यात रीसचा खांदा निखळला, तेव्हा मी तिथेच खेळाडूंसाठी संत्री कापत होते. तू स्वतःच्या गुडघेदुखीच्या, त्याच मॉर्फीनच्या जातीच्या गोळ्या काढल्यास. "घे एक, पोरीसारखं रडू नकोस." तेवढ्या एका गोळीने तो व्यसनी झाला असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पुढे ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनोन् महिने गोळ्या लिहून दिल्या, आणि त्या बंद झाल्या तरी शरीर मागत राहिलं. मग त्याने त्या चोरून कुठून मिळवल्या, हे तुलाही ठाऊक आहे.

त्या गोळ्या सुटतात कशा, हे तू पाहिलेलं नाहीस. तू पेरणीत होतास. मी पाहिलंय. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, पोटात पीळ, पाय एका जागी ठरत नाहीत. पांघरूण फेकायचं आणि लगेच परत मागायचं. आई गेली तेव्हा न रडलेला मुलगा उशी चावत होता. त्यानंतर डॉक्टरांनी त्याला रोज जिभेखाली ठेवायची औषधाची पट्टी सुरू केली. तिने नशा होत नाही, ती शरीराची मागणी शांत ठेवते. तो झोपू लागला, ट्रॅक्टरवर बसू लागला, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागला. औषध काम करत होतं.

आणि तू क्लबवर मेजवानी दिलीस. बिअरच्या खोक्यावर उभा राहून ओरडलास, "आमचं पोरगं सुटलं! आता अंगात एक कणही नाही!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नॉबी सॉसेज भाजता भाजता रडला. रीस शेजारी उभा राहून हसत होता, आणि त्या सकाळची पट्टी त्याच्या रक्तात होती. हे तुला माहीत होतं. तू म्हणाला होतास, "ते औषध कसलं, एक घोडा सोडून दुसऱ्यावर बसणं ते."

आपल्या गावात औषधाचं दुकान एकच. पेपर आणि लॉटरीही तिथेच मिळते. पट्टी घरी देत नाहीत; ती विरघळेपर्यंत काउंटरपाशी थांबायचं, मग तोंड उघडून दाखवायचं. मेजवानीनंतरच्या सोमवारी रांगेत मागे नॉबी होता. "काय रे, सुटलास ना? मग इथे काय, लिपस्टिक घ्यायला?" त्याने चेष्टाच केली. रीसही हसला, खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि घरी आला. पुन्हा गेलाच नाही. कसा जाणार? साऱ्या गावाने त्याच्या सुटण्यावर टाळ्या वाजवल्या होत्या.

त्याला घाम फुटला, तो थरथरू लागला, तेव्हा तुला फ्लू वाटला. तू सूप केलंस. तो कसेबसे काही आठवडे तगला. तेवढ्या काळात शरीराची गोळ्यांची सवय मोडली, आणि ज्या दिवशी धीर सुटला त्या दिवशी त्याने पूर्वीइतक्याच गोळ्या घेतल्या. पूर्वी पचणाऱ्या गोळ्यांनी आता श्वास थांबला. क्लबच्या संडासाचं दार नॉबीने खांद्याने फोडलं म्हणून आज मी हे लिहितेय, नाहीतर दफनाची तयारी करत असते. हा कच्च्या मनाचा मामला नाही, बाबा. एका माणसाला त्याच्या औषधाची लाज वाटायला लावलं, एवढंच झालंय. ते तू केलंस.

आता हे पत्र का, ते सांगते. मी माझ्या घरातली खोली रिकामी केली, नवी गादी आणली. काल त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ब्राय, मला घरी जायचंय. बाबाकडे." मी त्याला सगळी कारणं नीट समजावली. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याला तूच हवा आहेस. मला हे पटत नाही, पण निर्णय त्याचा आहे. गुरुवारी मी त्याला आणून सोडते. पट्टी चालू राहील, कदाचित कित्येक वर्षं. 'कधी बंद होणार' हे तू विचारायचं नाहीस. शनिवारी सकाळी, दुकानात गर्दी असते तेव्हा, तू त्याच्याबरोबर जायचं. बाहेर गाडीत बसून राहायचं नाही. आत, त्याच्या शेजारी, पट्टी विरघळेपर्यंत उभं राहायचं. लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. जमणार नसेल तर बुधवारपर्यंत कळव. मग मी त्याला माझ्याकडे नेईन. पण तू का नाही म्हणालास, हे त्याला मी सांगणार नाही. ते तू इथे इस्पितळात येऊन, त्याच्या पलंगाशेजारी बसून सांगायचंस.

रागावलेली, तरी तुझीच,
ब्रायनी